पहिल्या नंबरची कुरकुर

४ फेब्रुवारी

आज एका माणसाने मला लेखक म्हटलं. चाळीस वर्षं सुतारकाम केलं. त्यात लोकांनी मला मिस्त्री म्हटलं, उस्ताद म्हटलं, 'तुम्ही कालच येणार होतात ना' असंही म्हटलं, पण लेखक कुणी म्हटलं नव्हतं. लेखकाने रोजनिशी ठेवावी, म्हणून ही वही.

गुडघे गेल्यापासून मोठी कामं बंद केली. दीड वर्षापूर्वी लेकीने मला 'कुरकुर बंद' नावाची वेबसाइट काढून दिली. दार, पलंग, खुर्ची, कपाट, जिना, जे जे लाकडी आहे आणि कुरकुरतं त्याचा इलाज मी तिथे लिहितो. सत्तेचाळीस लेख झाले. शिवाय लोक आपल्या दाराचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवतात आणि मी तो ऐकून दुखणं सांगतो. बिजागरीचा आवाज बारीक असतो. चौकट फुगली असेल तर जाड येतो. सांधा सुटला असेल तर आधी टक्, मग कुर्र. ह्यातूनच आसपासची दुरुस्तीची कामं येतात आणि दिवस बरा जातो. सर्चमध्ये 'दार कुरकुरतंय' एवढं टाकलं की पहिला मी. रोज सकाळी दात घासायच्या आधी टाकून बघतो. बायको म्हणते, "कुरकुरीत तुमचा पहिला नंबर आहे हे मला लग्नानंतर आठवड्याभरात कळलं होतं. त्याला इंटरनेट कशाला?"

तर आजचा फोन. आवाज इतका मधाळ की मी मनातल्या मनात त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. म्हणाला, "काका, तुमचा इस्त्रीच्या टेबलावरचा लेख वाचला. शेवटी शेवटी डोळ्यांत पाणी आलं." त्या लेखाच्या शेवटी मी 'स्क्रू घट्ट करा' असं लिहिलंय. पण वाचक कशाने हलतो हे लेखकाला कुठे कळतं.

त्याच्या ओळखीतल्या एका गादीवाल्याची इच्छा आहे की माझ्या पलंगाच्या लेखात 'मऊ गादी' हे दोन शब्द यावेत, आणि त्यांवर बोट ठेवलं की त्याचं दुकान उघडावं. मी स्पष्ट सांगितलं, मी पैसे घेत नाही. तो म्हणाला, "छे छे काका, पैशाचं नावच काढू नका. ते सदिच्छा म्हणून एक गादी पाठवतील, इतकंच."

माणूस वळणाचा वाटतो.

९ फेब्रुवारी

गादी आली. दोघांनी जिन्यावरून चढवली, तिसरा 'जपून' म्हणायला होता.

बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. संध्याकाळपर्यंत तिची कंबर धरलेली असते. आज आली, 'बघू तरी' म्हणून गादीवर आडवी झाली आणि पर्स खांद्याला असतानाच झोपली. तासाभराने उठली.

"कुणी दिली?"

"एका चाहत्याने."

"कशाबद्दल?"

"लेखनाबद्दल."

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. 'माझा नंबर पहिलाच होता, मी फक्त पाणी प्यायला गेलो होतो' असं खिडकीवर सांगणाऱ्यांकडे ती अशीच बघत असणार.

लेखात 'पलंगाचे पाय तपासा' असं वाक्य होतं. ते आता 'पलंगाचे पाय तपासा आणि मऊ गादी' असं झालंय. व्याकरण जरा लंगडतं. गोडबोल्याने एक सूचना केली: लेखात 'जाहिरात' हा शब्द कुठे येऊ देऊ नका, तुमच्या शैलीला तो शोभत नाही. माझ्या शैलीचा इतका बारकाईने विचार आजवर कुणी केला नव्हता. मी स्वतःही नाही.

२० फेब्रुवारी

लिहायला फुरसत नाही. मागणी वाढली आहे. बूट आले. केसांच्या तेलाचा खोका आला. माशांची टाकी आली, आत सात मासे. त्यातला एक दिवसभर माझ्याकडे बघत असतो.

प्रत्येक वस्तू लेखात बसवायची म्हणजे सांधेजोडणीच आहे, आणि ते काम मला येतं. उदाहरणार्थ, 'बिजागरीला तेल कमी पडलं की ती कुरकुरते. केसांचंही तसंच.' हे वाक्य मला इतकं आवडलं की तेल मिळालं नसतं तरी कदाचित लिहिलं असतं. माझ्या डोक्यावर तेल लावण्याजोगं काही उरलेलं नाही, म्हणून ते बाथरूमच्या दाराला लावून बघितलं. छान चालतं. आता दार उघडलं की बदामाचा वास येतो.

माशांना जागा करायला मात्र वेळ लागला. शेवटी खिडकीच्या लेखात लिहिलं, 'खिडकी कुरकुरत असेल तर ती सारखी उघडू नका. बघायला काहीतरी हवं असेल तर घरी मत्स्यालय ठेवा.'

क्षणभर मनात आलं, खिडकीसाठी आलेल्या माणसाला मासे कशाला. मग वाटलं, वाचनालयात एक पुस्तक घ्यायला गेलेला माणूस दुसरंही चाळतोच की.

लेकीला अजून सांगितलेलं नाही. ती परगावी असते. आली की एकदम बघेल आणि खूश होईल.

३ मार्च

मसाज खुर्ची. घरबसल्या पत्ते खेळवणाऱ्या एका कंपनीकडून. चौघांनी आणली. दारातून आत जाईना, म्हणून मी स्वतः दार चौकटीतून काढलं आणि नंतर मीच बसवलं. आता ते दार कुरकुरतंय. उद्या बघतो.

खुर्चीला आठ बटणं आहेत. चौथं दाबलं की ती मानेला असं धरते की माणूस न केलेली गोष्टही कबूल करेल. ह्याच्या बदल्यात अकरा लेखांत लिंक घालायची आहे. गोडबोल्याने वाक्यं तयारच पाठवली. मला फक्त चिकटवायची आहेत. एक असं आहे: 'कपाटाचं दार बंद होत नसेल तर धीर सोडू नका, पत्ते खेळा.'

७ मार्च

साडू येऊन गेला. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हार्डवेअरचं दुकान आहे. अठ्ठावीस वर्षं दर भेटीत तो मला एकच प्रश्न विचारतो, "काय, चाललंय ना थोडंफार?" त्यातलं 'थोडंफार' मला लागतं. माझं बघून त्यानेही साइट काढली. दारांविषयी तिच्यात एकच लेख आहे आणि तो सबंध इथे उतरवतो: 'दार वाजत असेल तर तेल घाला. तेल आमच्याकडे मिळेल. रविवारी बंद.' खाली दुकानाचा फोन. सर्चमध्ये तो दुसऱ्या नंबरावर, माझ्या खाली असतो. मी मुद्दाम बघतो असं नाही, पण असतो.

आज मी त्याला मसाज खुर्चीत बसवलं आणि चौथं बटण दाबलं.

"हे फु-फु-फु-फुकट?" तो म्हणाला. आवाज खुर्चीमुळे थरथरत होता, पण डोळ्यांतला हेवा खुर्चीमुळे नव्हता.

"नाव झालं की येतं असं घरी चालत, साडूभाऊ," मी म्हणालो.

जाताना त्याने 'थोडंफार' विचारलं नाही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

एका शाळेतल्या बाईंचं पत्र आलंय. 'कपाटाचं दार लागत नव्हतं म्हणून तुमची साइट उघडली. तिथल्या पत्त्यांच्या लिंकवर आमचे हे गेले. कपाट अजून उघडंच आहे आणि हे अजून आतच आहेत.' मी उत्तर पाठवलं की कपाटाची वरची बिजागरी तपासा. दुसरा भाग सुतारकामात येत नाही.

१२ मार्च

खुद्द सर्चवाल्यांचं पत्र आलंय. अक्षरशः असं: 'आपल्या साइटवरून बाहेर जाणारे असाधारण दुवे आमच्या निदर्शनास आले आहेत. त्यांची दखल घेऊन आम्ही योग्य ती कारवाई केली आहे.' पुढे बरंच काही बारीक अक्षरांत होतं.

असाधारण. निदर्शनास. दखल. गादीवाल्याने नुसती गादी दिली, पण ह्यांनी शब्द दिले. पत्र छापून आणलं. उरलेल्या सागाच्या पट्टीची चौकट केली, कोपरे बारीक जुळवले आणि बैठकीत टाकीच्या वर लावलं.

१५ मार्च

संध्याकाळी साडूकडे जेवायला होतो. चौकट पिशवीत घालून नेली होती. जेवणानंतर कुणीतरी विषय काढेल म्हणून थांबलो, कुणी काढेना, मग मीच पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. 'असाधारण' दोनदा वाचलं.

थोरली मेहुणी म्हणाली, "म्हणजे चांगलंच ना?"

"वाईटाला कुणी असाधारण म्हणतं का, ताई?"

साडू भात कालवत राहिला. बायको म्हणाली, "बारीक अक्षरांतलं पण वाचा ना." मी म्हणालो, त्यात फक्त कायदेशीर बाबी असतात. खरं तर चष्मा घरी राहिला होता.

२१ मार्च

सकाळी 'दार कुरकुरतंय' टाकलं. पहिला साडू.

चष्मा पुसला. साडू. फोन बंद करून चालू केला. साडू. 'दार वाजत असेल तर तेल घाला.' मग मला शोधत निघालो. दुसरं पान, तिसरं पान, चौथं. सहाव्या पानावर, कोंबड्यांच्या आजारांवरच्या एका साइटच्या खाली मी सापडलो. कोंबड्याही कुरकुरतात म्हणून असेल.

मशीनची काहीतरी चूक. उद्यापर्यंत ठीक होईल. दात घासायचे राहून गेले हे दुपारी लक्षात आलं.

२३ मार्च

ठीक झालेलं नाही. तीन दिवसांत एकही आवाज आला नाही. एरवी दिवसाला सात-आठ येतात. दुरुस्तीचाही फोन नाही. दुपारी घरातली सगळी दारं एकेक करून उघडून बघितली. जे कुरकुरत होतं ते केव्हाच दुरुस्त केलंय. मसाज खुर्चीत बसलो, पण तिथे फारच विचार येतात.

लेकीला फोन केला. म्हणाली, "उद्या येते. तोवर कशालाही हात लावू नका."

२४ मार्च

लेक आली. दारातच थांबली. खुर्ची बघितली, टाकी बघितली, बुटांच्या पेट्या बघितल्या. "बाबा, हे काय?"

"सदिच्छा."

मग ती भिंतीवरच्या चौकटीपाशी गेली आणि बारीक अक्षरं सुद्धा वाचत राहिली. मला वाटलं, आता वळेल आणि मिठी मारेल. ती वळली आणि म्हणाली, "हे तुम्ही चौकट करून लावलंत? अहो बाबा, हे दंडाची पावती मिरवल्यासारखं आहे."

असाधारण म्हणजे संशयास्पद. खाली लिहिलंय, 'हे दुवे मोबदला घेऊन दिल्यासारखे दिसतात, म्हणून आपली साइट खाली ढकलली आहे.' आणि मी ते पत्र मेहुणीच्या घरी, सगळ्यांसमोर, दोनदा.

"पण मी एक पैसा घेतला नाही," मी म्हणालो.

"गादी घेतलीत. तेच ते." मग ती खुर्चीच्या हातावर बसली आणि मी तिला पाढे शिकवायचो त्या आवाजात समजावू लागली. "लिंक म्हणजे तुमचा शब्द. तुम्ही एखाद्या साइटकडे बोट दाखवलंत की सर्चवाले धरून चालतात, ह्या माणसाला ती मनापासून चांगली वाटते. असे शब्द मोजून ते सगळ्यांचे नंबर लावतात. तुम्ही मासेवाल्याला शब्द दिलात तो टाकीसाठी. मग ते म्हणणार, ह्या माणसाच्या शब्दावर भरवसा नाही, ह्याला खाली ठेवा."

"मग जाहिरात करायचीच नाही का कुणी?"

"करायची की. जाहिरात आहे असं लिहायचं आणि लिंकला आतून तशी खूण घालायची. मग मशीन ती लिंक मोजत नाही आणि कुणाची फसवणूक होत नाही."

"पण गोडबोल्या म्हणाला, जाहिरात हा शब्द माझ्या शैलीला शोभत नाही."

टाकीतला तो मासा आमच्याकडे बघत होता.

२६ मार्च

लेक सकाळी गेली. बायको नवीन गादीवर झोपते, मी जमिनीवर. कुणी सांगितलं नाही, मीच.

दुपारी गोडबोल्याचा फोन. मी वाटेतच थांबवून सगळं सुनावलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "होतं काका असं. तुमची साइट आता थंड झाली. बरं, तो 'तेल घाला' वाला लेख सध्या पहिला आहे. ते तुमचे नातेवाईक आहेत असं तुम्हीच मागे बोलला होतात. तुमच्याकडून शब्द गेला तर बरं, काका. नंबर द्याल?"

मी दिला.

हे वहीत लिहितोय कारण दुसरीकडे कुठे सांगणार. नंबर त्याच्या साइटवर आहे, दुकानाच्या पाटीवर सुद्धा आहे. गोडबोल्याला सहज मिळाला असता. पण त्याने मागितला आणि मी, पुढे काय होणार हे पक्कं माहीत असताना, एकेक आकडा सावकाश सांगितला. 'माझं नाव सांगा,' असंही म्हणालो.

२८ मार्च

दोन दिवस डोळ्यांसमोर साडूच्या घरी खुर्ची येताना दिसतेय. कधी फ्रीज. मग साडू सातव्या पानावर, कोंबड्यांच्याही खाली. पहिल्या दिवशी मजा वाटली. आज वाटली नाही. मेहुणीने परवा गुडघ्यांसाठी मलम पाठवलं होतं, ते लावता येईना.

बायकोला सांगून टाकलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "भावजी कसेही असोत," ती म्हणाली, "ताईचं घर त्या दुकानावर चालतं. उद्या जा आणि सांगा."

"काय सांगू?"

"जे मला सांगितलंत ते. चष्मा घेऊन जा."

२९ मार्च

दुकानात गेलो तेव्हा साडू एका गिऱ्हाइकाला स्क्रू मोजून देत होता.

"आला होता त्याचा फोन," मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला. "फ्रीज देतो म्हणाला. दोन दारांचा."

"मग?"

"मी म्हटलं, माझ्या दुकानाच्या भिंतीवर मी सख्ख्या भावाची पाटी लावत नाही, तुझ्या पत्तेवाल्याची कशाला लावू."

म्हणजे तो वाचला होता, आणि वाचला तो चिक्कूपणामुळे. मी तिथूनच परत फिरू शकलो असतो. पण बायकोने चष्मा खिशात घातला होता आणि तो टोचत होता. मी सगळं सांगितलं. गादी, मासे, चौकट, बारीक अक्षरं. नंबर मीच दिला, आणि त्याने काय होईल हे माहीत असताना दिला, हेही.

गिऱ्हाईक स्क्रू विसरून ऐकत होतं.

"कळून सवरून दिलास?" साडू म्हणाला.

"हो."

त्याने स्क्रूंची पुडी बांधली, दोरा दातांनी तोडला, गिऱ्हाइकाला वाटेला लावलं. मग म्हणाला, "आणि सांगायलाही तूच आलास."

"हो."

"बस मग." स्टूल पुढे सरकवलं. उरलेले स्क्रू डब्यात भरले. शेवटी तो म्हणाला, "फ्रीज मोठा होता पण."

४ एप्रिल

एकतीस लिंक होत्या. एकेक शोधून काढल्या. मासे गेले, बूट गेले. केसांचं वाक्य काढताना वाईट वाटलं, लिंक काढून वाक्य ठेवलं.

लेक म्हणाली, आता फेरविचाराचा अर्ज करा, काय झालं, काय सुधारलं ते सरळ लिहा. मी चार पानं लिहिली. 'महोदय, एका निष्पाप कारागिराच्या वतीने' अशी सुरुवात केली आणि चाळीस वर्षांच्या सेवेचा उल्लेख तीन ठिकाणी केला. पाठवला.

१३ एप्रिल

अर्ज फेटाळला. 'आपल्या साइटवर असे दुवे अजूनही आहेत.'

लेकीचा फोन. "बाबा, सगळ्या काढल्यात ना?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे?"

पत्त्यांची एक ठेवली होती. जिन्याच्या लेखात, अगदी तळाला. खुर्ची घरात आहे आणि लिंक एकही नाही, हे मला बरोबर वाटेना. दिलेल्या शब्दाला जागावं माणसाने. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही खुर्चीला शब्द दिलाय. जिना चढणाऱ्यांना दिलेला नाहीये का?"

बायकोने निकाल दिला, "खुर्ची असेपर्यंत तुमचा हात त्या लिंकवर चालणार नाही. खुर्ची जाऊ दे." कंपनीला फोन केला तर ते परत न्यायला तयार नाहीत. मासेवालाही नाही म्हणाला. टाकी बायकोने दवाखान्यात नेली, पेशंट शांत बसतात म्हणे. खुर्ची कोपऱ्यावरच्या न्हाव्याने आनंदाने नेली. दार पुन्हा चौकटीतून काढावं लागलं. ह्या वेळी बसवताना नीट बसवलं.

१६ एप्रिल

गादी मात्र ठेवायची आहे. बायकोची कंबर आता दुखत नाही. लेकीला विचारलं, ती म्हणाली, ठेवा, पण तसं लिहा, आणि लिंकला आतून खूण घातली तिने. आता पलंगाच्या लेखात अशी चौकट आहे: 'जाहिरात. ही गादी दुकानदाराने ह्या उल्लेखाच्या बदल्यात फुकट दिली. बायकोला आवडली. मी जमिनीवर झोपतो, त्यामुळे माझं मत नाही.'

नवा अर्ज लिहिला. सबंध उतरवतो.

'मी सुतार आहे. वस्तू घेऊन माझ्या लेखांत लिंक घातल्या. लोक दारासाठी यायचे आणि मी त्यांना पत्त्यांकडे पाठवत होतो. हे चुकीचं होतं. पहिल्या अर्जाच्या वेळी एक लिंक मुद्दाम ठेवली होती. आता एकही नाही. एक गादी आहे, ती जाहिरात म्हणून लिहिली आहे. पुन्हा करणार नाही.'

ह्याला लेखन म्हणता येणार नाही. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "हे चांगलं लिहिलंय."

शाळेतल्या बाईंनाही पत्र पाठवलं आणि माफी मागितली. त्यांच्या यजमानांविषयी विचारलं.

३ मे

शिक्षा मागे घेतली. पत्र दोन ओळींचं आहे, बारीक अक्षरांसकट वाचलं. चौकट केली नाही.

पण नंबर परत आलेला नाही. दुसऱ्या पानावर, मधेच कुठेतरी आहे. लेक म्हणाली, लगेच येत नाही बाबा, कदाचित पहिला पुन्हा येणारही नाही. आज दोन आवाज आले. दोन्ही बिजागरीचे. दोन्ही मी चार-चार वेळा ऐकले.

बाईंचं उत्तर आलं. यजमान बाहेर आले आहेत. कपाट त्यांनीच दुरुस्त केलं.

९ मे

दुपारी साडू आला. 'थोडंफार' नाही, काही नाही, थेट फोन पुढे केला. "हे ऐक."

त्याच्याकडे त्र्याण्णव आवाज साठले होते. पहिल्या नंबरवर असल्यापासून लोक त्याला दारं पाठवतायत. "मी सगळ्यांना तेल घाला सांगतो," तो म्हणाला. "एकाने तेल घातलं, तर दार आणखी फुगलं. एका बाईने झोपेतल्या नवऱ्याचा आवाज पाठवलाय. त्यालाही मी तेलच सांगितलं."

बैठकीत बसून आम्ही सगळे ऐकले. मी दुखणं सांगायचो, तो टिपून घ्यायचा. तिसाव्या आवाजाला तो म्हणाला, "टक् झालं आधी. म्हणजे सांधा." बरोबर होतं. मी पुढचा आवाज लावला. मध्ये बायकोने पोळी-भाजी वाढली. त्र्याण्णवाव्या दाराला कडी होती, ती सैल होती, एवढंच.

१२ मे

साडूने त्याच्या लेखाखाली एक ओळ घातली आहे. मला न सांगता. लेकीने पाठवली तेव्हा कळलं.

'दार वाजत असेल तर तेल घाला. तेल आमच्याकडे मिळेल. रविवारी बंद. तेलाने गेलं नाही तर माझ्या साडूला आवाज पाठवा, त्याला ऐकून कळतं.' आणि 'माझ्या साडूला' ह्यावर बोट ठेवलं की माझी साइट उघडते.

सख्ख्या भावाची पाटी न लावणारा माणूस. मी ती ओळ काही वेळा वाचली. किती ते लिहीत नाही.

मग एकदम ती खूण आठवली आणि तसाच दुकानात गेलो. "ह्याच्या बदल्यात तुला काय हवं?" मी विचारलं.

"काही नाही."

"नक्की? नाहीतर खूण घालावी लागते."

"कसली खूण? बस, चहा मागवतो."

मी म्हणालो, थांब. बाहेर जाऊन लेकीला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती, तरी उचलला. विचारलं, त्याने लिंक दिली आहे आणि वर चहाही पाजतोय, तर हे मोबदल्यात धरतात का. ती म्हणाली, "बाबा, देणाराच तो आहे आणि पाजणाराही तोच. जाऊन चहा प्या."

आत आलो. चहा निवला होता. साडूने दुसरा मागवला.